"हा कशातच टिकत नाही"

दिवाळीला आठवडा राहिला असताना एक जोडपं भेटायला आलं. मुलगा साडेचार वर्षांचा. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बसताबसताच आई म्हणाली, "मॅडम, हा कशातच दहा मिनिटं टिकत नाही. अतिचंचल तर नसेल ना?"

त्यांनी घटस्थापनेपासूनचं सगळं सांगितलं. सोसायटीच्या भोंडल्याला नेलं, तर दुसऱ्याच गाण्याला फेर सोडून पाटावरच्या हत्तीपाशी जाऊन बसला. कोजागरीला गच्चीवर दूध आटेपर्यंत झोपून गेला. आकाशकंदिलाचे कागद फाडले. आणि आता किल्ला. बाबांना रायगड करायचा होता. विटा, गोणपाट, दोन पोती माती, सगळी तयारी. मुलाने नेमका ओल्या तटबंदीवर पाय दिला. बाबा ओरडले, तो रडला, आई बाबांवर चिडली.

मी विचारलं, "तुम्ही किल्ला करत होतात तेव्हा तो काय करत होता?"

"काहीच नाही," बाबा म्हणाले. "नळावरून मगभर पाणी आणायचा, खड्ड्यात ओतायचा, परत जायचा."

"किती वेळ?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. "तासभर तरी," आई हळूच म्हणाली.

तासभर! पाणी मातीत कसं मुरतं, चिखल कधी घट्ट होतो, हे तो एकाग्रतेने बघत होता. फक्त ते आपल्या किल्ल्याच्या यादीत नव्हतं. या वयात मुलाला करण्यात गोडी असते, झाल्यावर कसं दिसेल याची नसते. फेराच्या दोन गाण्यांनंतर बाजूला होणं, रात्री नऊनंतर झोप येणं हे तर अगदी वयाला धरून आहे. रडारड बहुतेक वेळा भूक, झोप किंवा मोठ्यांची घाई यातूनच होते.

आईच्या काळजीला मात्र मी हसण्यावारी नेलं नाही. घरी आणि बालवाडीत, दोन्हीकडे, सहा महिन्यांहून जास्त काळ मूल स्वतः निवडलेल्या खेळातही रमत नसेल, सतत धोका ओढवून घेत असेल, तर बालविकासतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. बोलणं मागे असेल, हाकेला ओ देत नसेल, तर सहा महिने थांबूही नये. इथे यातलं काही नव्हतं. बालवाडीच्या ताईंचीही तक्रार नव्हती.

मग आम्ही एवढंच ठरवलं. गडाच्या पायथ्याची हातभर जागा मुलाची, तिथे कोणी काही नीट करायचं नाही. अळीव त्याने पेरायचे. ते दोन-तीन दिवसांत उगवतात, साडेचार वर्षांच्या जिवाला तेवढीच वाट बघता येते. काम सकाळी, नाश्ता झाल्यावर. तो उठून गेला की जाऊ द्यायचं. बाबांना तटबंदी रेखीव हवी असेल तर त्यांनी ती रात्री करावी. स्वतःच्या लहानपणीचा किल्ला पुन्हा करावासा वाटण्यात गैर काहीच नाही, पण ती हौस मुलाच्या खांद्यावर टाकू नये. भोंडल्याचंही तसंच: पुढच्या वर्षी दोन गाणी आणि खिरापत, बस्स.

धनत्रयोदशीला आईने फोटो पाठवला. रायगडावर महाराज सिंहासनावर, आणि खाली अळिवाचा एकच दाट झुपका. मूठभर बी त्याने एकाच जागी ओतलं होतं. शेजारी पाण्याने भरलेला खड्डा. खाली बाबांचा निरोप होता: "हा गंगासागर तलाव आहे म्हणे. रोज सकाळी दोघं मिळून भरतो."