राख मिसळलेली पुली तडकली कशी?

प्रश्न : भुसावळ परिसरात आमची अ‍ॅल्युमिनियमची छोटी ओतशाळा आहे. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख वितळलेल्या धातूत मिसळून आम्ही काही पुल्या ओतल्या. पुली वजनाला हलकी भरली, लेथवर टूलची धारही लवकर गेली. पण हातातून फरशीवर पडताच ती तडकली. कठीण कण मिसळूनही असे का व्हावे?

उत्तर : टूलची धार कणांवर घासून जाते, तेवढ्यावरून धातूची ताकद ठरवू नये. भार आला की धातूच्या स्फटिकांतील दोष, म्हणजे अणूंच्या रांगांतील विस्कळीत जागा, सरकतात आणि धातू वाकतो. कठीण कण या सरकण्याला आडवे येतात व भाराचा काही वाटा स्वतः उचलतात. शिवाय थंड होताना मीटरभर लांबीमागे दर अंशाला अ‍ॅल्युमिनियम सुमारे २३ मायक्रॉन आकसते, तर सिलिकॉन कार्बाइडसारखा (धार लावण्याच्या दगडात वापरतात तो) कठीण कण जेमतेम ४. या ओढाताणीने कणाभोवतीचा धातू आणखी कडक होतो. मात्र हे सारे घडण्यासाठी कण धातूला घट्ट चिकटलेला हवा, आणि नेमके येथेच घोडे पेंड खाते.

वितळलेले अ‍ॅल्युमिनियम राखेला सहजासहजी भिजवत नाही. पिठल्यातील बेसनाची गुठळी वरून शिजलेली दिसते, पण फोडली की आत कोरडे पीठ निघते; राखेच्या गुठळीचेही तसेच होते, आणि भार सोसण्याच्या दृष्टीने ती गुठळी म्हणजे पोकळीच ठरते. ढवळताना ओढली गेलेली हवा व ओलाव्यातून आलेला हायड्रोजन तिच्यात भर घालतात. पुली हलकी भरली यात राखेतील पोकळ कणांचा वाटा असेलही, परंतु मला संशय या पोकळ्यांचाच अधिक येतो. तुटलेली कड भिंगाखाली धरावी. करडे, भुसभुशीत ठिपके दिसले तर भेग तेथूनच सुटली असे समजावे.

पुढच्या खेपेस राख चाळून, चांगली तापवून, पूर्ण कोरडी व गरम असतानाच थोडी थोडी सोडावी. ओली राख मुशीत पडल्यास वाफेने धातू उसळून अंगावर येतो. धातूत सुमारे १ टक्का मॅग्नेशियम असल्यास कण अधिक चांगले भिजतात. प्रारंभ वजनाच्या ५ टक्क्यांहून अधिक राखेने करू नये. बारीक कण ताकदीला चांगले खरे, पण गुठळ्याही तेच अधिक करतात.

एवढे साधले, तरी न तुटता ताणले जाण्याचा गुण मूळ मिश्रधातूपेक्षा कमीच राहतो. त्यामुळे घासून झिजणाऱ्या भागांसाठी धातू व राखेचे हे संमिश्र जरूर वापरून पाहावे. आदळआपट सोसणाऱ्या पुलीसाठी मी ते सुचवणार नाही.