अश्वारोग्य, वाचकांचे प्रश्न : टाचेवरच्या खपल्या, भेगा आणि सूज

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या कुमैत घोड्याचे मागचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत पांढरे आहेत. पाऊस सुरू झाल्यापासून त्या पायांवर, टाचेच्या वरच्या खळग्यात, खपल्या धरू लागल्या. मी रोज संध्याकाळी नळीच्या पाण्याने पाय धुतो, ब्रशने खपल्या घासून काढतो, मलम लावतो आणि पट्टी बांधतो. चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते. तीन आठवडे झाले. माझे कुठे चुकते?

उत्तर : आपण घोड्यासाठी रोज एवढे कष्ट घेता, म्हणून स्पष्टच लिहितो. पाय नीट न वाळवता रोज धुणे, कोरड्या खपल्या खरवडून काढणे आणि ओलसर त्वचेवर पट्टी बांधणे, या तिन्ही गोष्टींमुळेच हा आजार टिकून राहिला असावा.

सतत ओल्यात वावरणाऱ्या माणसाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तसेच घोड्याच्या टाचेवर घडते. त्वचा भिजून फुगते, तिच्यावरचा तेलकट थर निघून जातो, मातीचे कण घासून बारीक ओरखडे पडतात आणि धडधाकट त्वचेतून आत शिरू न शकणाऱ्या जंतूंना वाट मिळते. या जंतूंपैकी डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस हा महत्त्वाचा. १९१५ साली त्या वेळच्या बेल्जियन काँगोमधील गुरांमध्ये त्याचे प्रथम वर्णन झाले आणि त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. खपली भिजली की तिच्यातून या जंतूचे पोहू शकणारे बीजाणू बाहेर पडतात आणि शेजारच्या ओल्या त्वचेवर जाऊन बसतात. म्हणजे रोज संध्याकाळी नळी सोडून आपण नकळत त्यांच्या प्रवासाची सोय करत आहात.

हा जंतू ओळखण्याची एक खूण आपल्याला घरीही पाहता येईल. भिजवून सैल झालेली एखादी खपली हलकेच उचलून उलटी करावी. केसांचा झुपका तिच्यासोबत निघून येतो आणि तो रंगाच्या छोट्या कुंचल्यासारखा दिसतो. खपलीची खालची बाजू ओलसर व खोलगट असते, तिला बहुधा पिवळट-हिरवट पू लागलेला असतो आणि खाली गुलाबी, कच्ची त्वचा उघडी पडते. खात्री मात्र खपलीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते, कारण स्टॅफिलोकॉकस जंतूंनीही दिसायला असाच आजार होतो.

उपचाराची सुरुवात केस कापण्यापासून करावी. टाचेवरचे केस यंत्राने अलगद कापले की हवा लागते आणि आजार कुठवर पसरला आहे ते दिसते. नंतर कोमट पाण्याने भाग भिजवून २ ते ४ टक्के क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक असलेल्या शाम्पूचा फेस करावा आणि तो घड्याळ लावून १० मिनिटे तसाच राहू द्यावा. फेस लावून लगेच धुऊन टाकल्यास औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. जेवढ्या खपल्या बोटाच्या हलक्या दाबाने सुटतील तेवढ्याच काढाव्यात. घट्ट बसलेल्या उद्यासाठी ठेवाव्यात, कारण ओढून काढलेल्या प्रत्येक खपलीखाली नवी जखम होते आणि दोन दिवसांनी घोडा पायाला हातच लावू देत नाही. यानंतर स्वच्छ पाण्याने फेस पूर्ण काढून पाय वाळवावा. माझ्या मते सगळ्या उपचाराचे यश या शेवटच्या पायरीवर अवलंबून असते आणि नेमकी तीच घाईत उरकली जाते. प्रत्येक पायासाठी वेगळा स्वच्छ टॉवेल घ्यावा, तो घासू नये, टिपून घ्यावा, आणि टाचेच्या खळग्यात बोट फिरवून ओल उरली नाही याची खात्री करावी. पहिला आठवडाभर हे रोज करावे, खपल्या धरणे थांबल्यावर आठवड्यातून दोनदा पुरेसे होते. या काळात घोडा कोरड्या अंथरुणावर ठेवावा.

पाय बरा झाल्यानंतरही चिखल लागलाच तर तो लगेच धुऊ नये. वाळू द्यावा आणि मऊ ब्रशने झाडून काढावा. पाणी अडवणारे मलम फक्त स्वच्छ, कोरड्या आणि निरोगी त्वचेवर, चिखलात नेण्यापूर्वी लावावे. जंतू असलेल्या त्वचेवर तेच मलम झाकणासारखे बसते आणि या जंतूला कमी हवेत वाढायला आवडते. पट्टी सध्या बांधू नये. निघालेल्या खपल्या तबेल्यात टाकू नयेत, कारण वाळलेल्या खपलीत हा जंतू महिनोन्महिने जिवंत राहतो. खराऱ्याचे ब्रश दुसऱ्या घोड्याला वापरू नयेत. हा जंतू माणसालाही लागू शकत असल्याने आपण व आपल्या मोतद्दाराने हातमोजे घालावेत. भेगांमधून धनुर्वाताचा जंतू शिरू शकतो आणि घोडा त्याला फार लवकर बळी पडतो, म्हणून धनुर्वाताची लस कधी दिली होती ते आजच तपासावे. एवढे करून ७ ते १० दिवसांत स्पष्ट फरक पडला नाही तर मलम बदलत बसू नये. पशुवैद्यांकडून त्वचेचा नमुना तपासून घ्यावा. पोटात द्यायच्या प्रतिजैविकाची गरज आहे की नाही हेही तेच ठरवतील. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या देऊ नयेत.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. देवीच्या लसीबद्दल १७९८ साली लिहिताना एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या देवीचे मूळ घोड्याच्या टाचेवरील पाझरणाऱ्या रोगात असावे असे मत मांडले होते. घोड्यालाही देवीसारखा एक विषाणूजन्य आजार होत असे, आणि टाचेवरच्या इतर रोगांसोबत तो एकाच नावाखाली मोडत असे. टाचेवर खपली दिसली की एकच नाव देऊन मोकळे होण्याची सवय इतकी जुनी आहे, आणि पुढच्या दोन्ही पत्रांत तिचाच त्रास दिसतो.

प्रश्न : आमच्या घोडीच्या पायांवर गुडघ्यापासून खाली लांब, दाट केस आहेत. ती रात्री पाय आपटते आणि एका पायाने दुसरा खाजवते. चिखल्या समजून आम्ही दोन हंगाम मलमे लावली. जंताचे औषधही तोंडावाटे दिले. थंडीत त्रास वाढतो.

उत्तर : चिखल्या बहुधा दुखतात, खाजतात कमी. पाय आपटणे, रात्रीची खाज, दाट केस आणि थंडीत वाढणारा त्रास ही लक्षणे एकत्र आली की पहिला संशय कोरिऑप्टिस या किडीचा घ्यावा. ही खरजेच्या जातीची कीड अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून लहान असते आणि त्वचेच्या वरच्या कोंड्यावर जगते. म्हणूनच तोंडावाटे दिलेल्या आयव्हरमेक्टिनसारख्या जंतनाशकाचा तिच्यावर भरवसा धरता येत नाही. पशुवैद्य केसांच्या मुळाशी त्वचा खरवडून नमुना घेतील. सूक्ष्मदर्शकाखाली कीड चालताना दिसली की प्रश्न मिटतो.

पायाचे सुंदर केस कापायला आपले मन होणार नाही हे मी जाणतो, परंतु औषध त्वचेपर्यंत पोहोचण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे. फिप्रोनिल या कीटकनाशकाचा फवारा किंवा चुना-गंधकाचे द्रावण पशुवैद्यांच्या सल्ल्याने वापरले जाते. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात, त्यामुळे एकदाच औषध लावून भागत नाही. ही कीड घोड्याच्या अंगाबाहेरही काही आठवडे जगते. म्हणून अंथरूण पूर्ण बदलावे आणि सोबतच्या सर्व घोड्यांवर, ते खाजवत नसले तरी, एकाच वेळी उपचार करावेत. एक गोष्ट मात्र कधीही करू नये. गुरांच्या गोचिडांसाठी मिळणारे अॅमिट्राझ घोड्याला लावू नये. त्याने आतड्यांची हालचाल मंदावून जीवघेणा पोटशूळ होऊ शकतो.

घोडी शायर, क्लाइड्सडेल किंवा बेल्जियन अशा जड जातीची असेल तर केस कापल्यावर त्वचेला हात लावून पाहावा. जाड वळ्या आणि गाठी लागल्या तर लसिकावाहिन्यांचा, म्हणजे पेशींभोवतीचा द्रव (लिम्फ) वाहून नेणाऱ्या नलिकांचा, हळूहळू वाढत जाणारा आजार असू शकतो. तो पूर्ण बरा होत नाही. मात्र कीड व जंतू आटोक्यात ठेवून, रोज चालवून आणि योग्य दाबाच्या पट्ट्या वापरून त्याची वाढ मंदावता येते.

प्रश्न : भर उन्हाळ्यात, कोरड्या कुरणात, घोड्याच्या फक्त पांढऱ्या पायांवर घट्ट खपल्या आल्या आहेत. शेजारचे दोन काळे पाय निरोगी आहेत. चिखल तर कुठेच नाही.

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे आणि निदानाची अर्धी वाट त्यानेच सापडते. पांढऱ्या केसांखालची गुलाबी त्वचा रंगद्रव्याशिवाय असते, तिला ऊन सोसत नाही. आता त्याच्या तोंडावरचे पांढरे पट्टे आणि नाकपुडीची गुलाबी त्वचा पाहावी. तीही लालसर, सोललेली असेल तर दोन शक्यता उरतात : हायपेरिकमसारखी, ऊन बाधण्यास कारण होणारी वनस्पती खाण्यात आली असेल, किंवा यकृत बिघडले असेल. गवतातील हरितद्रव्य पचताना फायलोएरिथ्रिन नावाचा पदार्थ तयार होतो. निरोगी यकृत तो पित्तावाटे बाहेर टाकते, पण आजारी यकृताला ते जमत नाही आणि तो त्वचेत साठून उन्हात दाह निर्माण करतो. त्यामुळे घोडा आजच सावलीत बांधावा आणि यकृतासाठी रक्त तपासून घ्यावे.

इतर पांढरे भाग निरोगी असून केवळ पायांवर घट्ट, फार दुखणाऱ्या खपल्या असतील, आणि खपल्यांच्या मानाने सूज जास्त असेल, तर त्वचेतील बारीक रक्तवाहिन्यांचा दाह संभवतो. त्याचे निदान त्वचेचा तुकडा तपासून होते. त्यावर स्टेरॉइड द्यावे लागते आणि पाय उन्हापासून झाकावे लागतात. निदानाआधी स्टेरॉइडचे मलम मात्र लावू नये, कारण खपल्या गजकर्णाच्या असतील तर त्याने बुरशी पसरते.

प्रश्न : टाचेवर लहानशी भेग होती. आज सकाळी तो एकच पाय वरपर्यंत सुजला आहे, गरम लागतो, घोडा त्यावर भार देत नाही. दोन दिवस वाट पाहावी का?

उत्तर : वाट पाहू नये. भेगेतून जंतू खोलवर, लसिकावाहिन्यांपर्यंत पोहोचले असण्याची शक्यता आहे आणि अशी सूज उशीर केल्यास कायमची राहू शकते. गुदद्वारातून ताप मोजावा. प्रौढ घोड्याचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असते. ताप त्याहून जास्त असो वा नसो, पशुवैद्यांना आजच बोलवावे आणि ते येईपर्यंत घोड्याला चालवू नये.