वाईन न पिणाऱ्यांनी वाईनच्या गावाला जावं का?

प्रश्न : मुलगा व्हिएन्नाला नोकरीला आहे, सप्टेंबरात आम्ही दोघं तिकडं चाललोय. तो म्हणतोय एक दिवस ड्युर्नश्टाइनला जाऊया, डॅन्यूबच्या काठाला जुनं गाव आहे, सगळे द्राक्षाचे मळे. पण आम्ही दोघंबी घेत नाही आणि हे म्हणतात वाईनच्या गावात आपलं काय काम. शिवाय माझे गुडघे दुखतात. जावं का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, जावा की! व्हिएन्नावरनं क्रेम्सपर्यंत ट्रेननं तासभर, तिथनं पुढं सात-आठ किलोमीटर, बस मिळते. नाहीतर बोट, ती साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असते, म्हणजे तुम्हाला मिळंल. बोटच धरा, कारण निळा-पांढरा चर्चचा टॉवर आणि त्याच्यामागं डोंगरावर पडका किल्ला हे नदीतनंच बघायचं असतं.

गाव म्हणजे एक मोठी गल्ली, हजार माणसंबी नाहीत. पण किल्ल्याची गोष्ट भारी आहे. इंग्लंडचा राजा रिचर्ड क्रुसेडवरनं, म्हणजे ख्रिश्चनांच्या धर्मयुद्धावरनं, घरी चालला होता, त्याला ११९२ च्या डिसेंबरात ऑस्ट्रियाचा सरदार-राजा (ड्यूक) लिओपोल्डनं पकडला आणि इथं कोंडला. कारण काय, तर त्याच युद्धात एकर नावाचं शहर जिंकल्यावर रिचर्डच्या माणसांनी लिओपोल्डचं निशाण खाली टाकलं होतं, तो राग. आपल्या पन्हाळ्यावरनं महाराज १६६० ला वेढ्यातनं निसटले, ह्या गड्याला मात्र चांदी मोजून सोडवून न्यावा लागला, आणि त्यातल्या लिओपोल्डच्या वाट्यातनं वीनर नॉयश्टाट नावाचं गाव उभं राहिलं. पुढं १६४५ ला स्वीडनच्या फौजेनं किल्ला उडवला. वर जायला वीस-तीस मिनिटं खडा चढ आहे, ह्यांना पाठवा, तुम्ही खाली नदीकाठाला बसा. आणि पायताण घालून चढू देऊ नका, मी तो शहाणपणा केलाय, उतरताना बसतच उतरलो.

आता वाईनचं. तिथले मळे डोंगराला पायऱ्या काढून केलेत, चुना-सिमेंट न लावता नुसते दगडावर दगड रचलेले बांध, तोडणी बरीचशी हातानंच, आणि तुम्ही जाणार तेव्हा नेमकी तोडणी सुरू होत असती. हे बघायला प्यायला कशाला लागतंय? शेतकरी आपल्याच अंगणात आपली वाईन विकतो त्याला होयरिगर म्हणतात, १७८४ ला बादशहानं तशी परवानगी दिलेली. दारावर झाडाची डहाळी लटकली की समजायचं आज चालू आहे. आपल्या गुऱ्हाळावर गेल्यासारखंच, बाकावर बसायचं, ब्रेड आणि लिप्टाउअर म्हणून चीजचं लालसर चटणीसारखं असतंय ते खायचं. मांसाचे थंड तुकडेबी असतात, मुलाला आधी विचारायला लावा.

एक मात्र लक्षात ठेवा, सप्टेंबरात 'श्टुर्म' म्हणून गढूळ रस मिळतो, गोड लागतो, पण तो आंबायला लागलेला असतो, चढतो. तुम्ही 'ट्राऊबनझाफ्ट' मागा, तो साधा द्राक्षाचा रस. आणि येताना तिथल्या जर्दाळूचा जॅम आणा, ताजे जर्दाळू जुलैतच संपलेले असतात.