लॅकरवरचे दुधाळ डाग आणि ओघळ

प्रश्न : जुन्या टीपॉयला मी घरीच स्प्रे गनने नायट्रोसेल्युलोज लॅकर मारले. हवा दमट होती. वाळल्यावर मधोमध दुधाळ डाग दिसू लागले, कडेला एक जाड ओघळ आला आणि बाकीचा भाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झाला. सगळे खरवडून काढावे का?

उत्तर : खरवडू नका. हे लॅकर केवळ द्रावक उडून गेल्याने सुकते, त्यामुळे थिनर लागताच जुना थर मऊ होतो आणि नवा थर त्यात मिसळून एकजीव होतो.

दुधाळपणा अडकलेल्या ओलाव्याचा आहे. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतले बाष्प त्यावर धरते. कोरड्या दिवशी रिटार्डर (थिनर उडण्याचा वेग कमी करणारे द्रावक) मिसळलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा मारला की डाग बहुधा पाहता पाहता निवळतात. मात्र हात जड झाला, तर नवा ओघळ ठरलेलाच.

ओघळाच्या बाबतीत घाई नडते. तो वरून कडक वाटला तरी आत मऊ असतो, आणि लगेच घासल्यास त्याचे लोळे सुटून खड्डा पडतो. काही दिवस थांबा. नखाचा वळ उमटत असेल तर आणखी थांबा. मग लाकडी ठोकळ्याला ४०० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून फक्त उंचवट्यावर फिरवा. ओघळाचा माथा आधी धुरकट होतो, भोवतीचा भाग चमकत राहतो. माथा भोवतालच्या पातळीला आला की थांबायचे. नुसत्या बोटांनी घासल्यास भोवती घळ पडते.

खडबडीतपणा बहुधा दाट मिश्रणामुळे किंवा गन लांब धरल्यामुळे येतो, कारण थेंब पसरण्याआधीच सुकतात. चमकणारे बारीक खळगे नाहीसे होईपर्यंत ६०० नंबरने पाणी लावून घासा, पण कडांवर हलक्या हाताने, कारण थर तिथेच आधी झिजतो आणि उघड्या लाकडात पाणी मुरते. पुसून पूर्ण वाळल्यावर पातळ केलेल्या लॅकरचा एक थर १५ ते २० सेंटिमीटरवरून, गन पृष्ठभागाला समांतर नेत मारा.

वाफा ज्वालाग्राही असतात, म्हणून हवा खेळती ठेवा आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको; साधा कापडी मास्क या वाफा अडवत नाही, सेंद्रिय वाफांसाठीचे काडतूस (वाफा शोषणारी गाळणी) असलेला मास्कच हवा. डब्यावर पॉलियुरेथेन किंवा हार्डनर मिसळण्याची सूचना असेल, तर थिनरचा उपाय चालणार नाही. शंका असल्यास टीपॉयच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूवर तेच फिनिश असेल तिथे थिनरचा एक थेंब टाकून पाहा: लॅकर चिकट होईल, पक्के झालेले पॉलियुरेथेन सहसा होत नाही.