घटस्फोटानंतर कोर्टाने ठरवलेली पोटगी नवरा देत नाही. वसूल कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की निकालाला दीड वर्ष झालं, पहिले चार महिने पैसे आले, मग बंद. वकील म्हणतात थोडं थांबा, आणि माहेरचे म्हणतात नाद सोड.

आधी वकील बदला. पोटगीच्या कामात थांबण्याला किंमत मोजावी लागते. तुमचा आदेश जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 चा असेल (1 जुलै 2024 पासून तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144), तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज टाकावा लागतो. चौदा महिने थकलेत, म्हणजे त्या वाटेने सगळ्यात जुने दोन हप्ते आजच मुदतीबाहेर गेलेत. वकिलाने 'थांबा' म्हणायची ही वेळ नाही.

आता मी हे का लिहितेय ते सांगते. पोटगी बुडवणाऱ्याची मी सख्खी बहीण आहे.

माझं माहेर इचलकरंजी. आठ माग, सगळे खर्चीवर. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं, आमच्या हातात फक्त विणायची मजुरी. लग्नाआधी शेडचा हिशेब मीच लिहायचे, त्यामुळे कुठून किती येतं आणि कुठे जातं हे मला दादापेक्षा जास्त ठाऊक. वहिनीला आणि पोरीला मिळून नऊ हजारांचा आदेश झाला. घटस्फोट नंतर झाला, तरी आदेश चालूच राहिला, कारण दुसरं लग्न न केलेली घटस्फोटित बाई कलम 125 मध्ये पत्नीच धरली जाते. दादाने काही महिने भरले आणि मग 'धंदा बसलाय' सुरू केलं. यंत्रमागाला मंदी असते हे खोटं नाही, आम्ही त्यातच वाढलो. पण मंदीत कुणी नवी चारचाकी घेत नाही, आणि घेतली तर आईच्या नावावर घेत नाही.

वहिनीने अर्ज टाकला, तारखा पडल्या, शेवटी जप्ती वॉरंट निघालं. त्या दिवशी मी कर्नाटकी बेंदराला माहेरी गेले होते, म्हणून डोळ्यांनी बघितलं. हवालदार आत आले. आई सोप्यात बसून एकेका वस्तूवर हात ठेवत गेली. टीव्ही माझा. कपाट माझ्या आईनं दिलेलं. फ्रीज माझ्या भावानं घेतलेला. शेड? ती तर ह्यांच्या पाठीमागं माझ्याच नावावर झाली. माग? ते पण आता माझेच. दादा घरात होता, आतल्या खोलीत. हवालदारांनी चहा घेतला आणि जप्त करण्यालायक मालमत्ता मिळून आली नाही असं लिहून गेले. त्यांनाही दोष देत नाही. त्यांच्या हातात नाव-पत्त्याचा कागद, यादी कसलीच नाही. ते काय माळ्यावर चढून शोधणार?

इथेच तुमच्यासारख्यांचं अडतं. कोर्ट आदेश देतं, पण त्याचा पैसा कुठे आहे हे शोधायला कोर्ट जात नाही. ते तुम्ही सांगायचं असतं. बँक, शाखा, खाते क्रमांक, गाडीचा नंबर, त्याला पैसे देणं लागणाऱ्याचं नाव, जमीन असेल तर गट नंबर आणि सातबारा. 'त्याच्याकडे भरपूर आहे' या वाक्यावर कुठलंच वॉरंट बजावता येत नाही.

वहिनीने मला कधी काही मागितलं नाही. मीच त्या रात्री सासरी परतल्यावर फोन केला. मजुरी कुठल्या खात्यावर जमा होते, कुठल्या व्यापाऱ्याकडून येते, हे सांगितलं. आणि मुख्य म्हणजे वीजबिल. माग आईचे झाले, पण मागाचं कनेक्शन दादाच्याच नावावर होतं आणि बिल दर महिन्याला त्याच्याच खात्यातून जात होतं. जो माणूस कोर्टात म्हणतो मी आता आईकडे मजुरीवर आहे, तो आठ मागांचं बिल कशाला भरतो? हा प्रश्न वहिनीच्या वकिलांनी कोर्टापुढे ठेवला आणि सोबत खात्याचा तपशील दिला. खातं गोठलं. आठवड्याची मजुरी जमा झाली होती, ती तिथेच अडकली. दादा पुढच्या तारखेला गेलाच नाही, मग अटक वॉरंट निघालं.

सकाळी आठला पोलीस आले. घरात विष खायला पैसा नाही, असं आईने त्यांना सांगितलं. संध्याकाळी चारपर्यंत त्याच घरातून नव्व्याण्णव हजार कोर्टात भरले गेले. काही आईच्या ट्रंकेतून, काही मामाकडून. दादा एक रात्रसुद्धा आत राहिला नाही.

माहिती कुठून गेली हे त्यांना कळायला वेळ लागला नाही, तो हिशेब दुसरं कोण सांगणार होतं? भाऊबीज तेव्हापासून बंद. आई अजून मला घरभेदी म्हणते, चार बायकांत म्हणते. तिला तोंडावर सांगून झालंय, इथेही सांगते. आमची आत्या नवऱ्याने टाकली म्हणून आमच्याकडे आली आणि मरेपर्यंत आमच्या चुलीपाशी राबली. तिच्या नवऱ्याला कुणी कोर्टात खेचलं नाही, 'आपल्याला त्याचा पैसा नको' असं आजोबा म्हणाले होते. पैसा आजोबांना नको होता, आत्याला कुणी विचारलंच नाही. हाच दादा मिसरूड फुटायच्या वयात म्हणायचा, आत्याच्या नवऱ्याला फरफटत आणला पाहिजे. तेव्हा तो न्याय होता. स्वतःवर आल्यावर तो घरभेद झाला! आणि पैसे गेले कुणाला? दादाच्याच पोरीच्या शाळेला. तिचं आडनाव काय आमचं नाही?

तुमच्या माहेरचे 'नाद सोड, स्वाभिमान ठेव' म्हणत असतील तर त्यांना विचारा, महिन्याचा किराणा कोण भरणार. जो भरेल त्याने स्वाभिमान शिकवावा.

बरं, तुमच्या प्रश्नाकडे. वसुली अर्जावर कोर्ट दंड वसूल करतात तसं वॉरंट काढतं. जंगम मालमत्ता, म्हणजे हलवता येणारी चीजवस्तू, जप्त होऊ शकते, किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे वॉरंट जाऊन जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. शेती नावावर असलेल्या नवऱ्याला ही दुसरी वाट फार झोंबते. तरीही न भरल्यास प्रत्येक थकलेल्या महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद, असं कलम म्हणतं. प्रत्यक्षात एका अर्जावर एक महिन्याच्या वर कोर्टं सहसा जात नाहीत. 'जेलात बसून येईन पण देणार नाही' म्हणणारे असतात, त्यांना ऐकवा की जेल भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही. सुप्रीम कोर्टाने कुलदीप कौरच्या खटल्यात हे केव्हाच स्पष्ट केलंय.

पोटगी घटस्फोटाच्याच हुकूमनाम्यात, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली ठरली असेल, तर तिथे दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची. तिला बारा वर्षांची मुदत असते, एका वर्षाची भानगड नाही. म्हणून आधी आदेशाची नक्कल काढून कलम कुठलं ते बघा. तुम्ही ते लिहिलेलं नाही.

नवरा पगारदार असेल तर तुम्ही आमच्या वहिनीपेक्षा नशीबवान. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगाराचा बराचसा भाग सुरक्षित असतो, पोटगीच्या हुकूमनाम्यात फक्त एक तृतीयांश. उरलेल्या दोन तृतीयांशांपर्यंत जप्ती येऊ शकते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आदेश असेल तर कोर्ट थेट मालकाला सांगू शकतं की पगारातून कापून बाईला द्या. कंपनीच्या एचआरकडे कोर्टाचा कागद पोचला की पुष्कळांना अचानक पैसे सापडतात.

आणखी एक. सुप्रीम कोर्टाच्या 4 नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या कामात दोन्ही बाजूंना मालमत्तेचं आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्याने दिलेलं असेल तर त्याची नक्कल काढा आणि ओळ न् ओळ वाचा. लपवलेलं एक खातं जरी सापडलं तरी बाकीच्या रडगाण्यावरचा कोर्टाचा विश्वास उडतो. वकिलाच्या फीचं ओझं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

मी वकील नाही, हे आधी सांगायला हवं होतं. आणि ज्याचं काम खरंच सुटलंय, जो खरंच आजारी आहे, त्याच्यामागे पोलीस लावा असं मी म्हणत नाही. पण त्याच्यासाठी रक्कम कमी करून मागायचा अर्ज असतो. दादाने तो कधीच केला नाही, कारण त्यात पासबुक दाखवावं लागलं असतं. तुम्ही पुन्हा लग्न केलं असेल तर मात्र त्या लग्नापुढची स्वतःची पोटगी विसरा.

नवऱ्याला बहीण आहे का? असेल तर एकदा फोन करून बघा. दहातल्या आठ जणी फोन आपटतील. नववी म्हणेल, मला यात ओढू नका. पण घरातला हिशेब नणंदेला माहीत असतो, आणि लग्न होऊन बाहेर पडलेल्या बाईला तो लपवून काही मिळत नाही. तिच्याकडे पैसे मागू नका, तिला भावाविरुद्ध साक्षीला यायलाही सांगू नका. फक्त बँकेचं आणि शाखेचं नाव विचारा.