अमेरिकेत जुनी गाडी ट्रेड-इन केली तर सेल्स टॅक्स नेमका कशावर लागतो?

तुमचा प्रश्न असा आहे: एडिसनमधला डीलर जुनी कोरोला ट्रेड-इनमध्ये, म्हणजे नव्या गाडीच्या बदल्यात, घेऊन तिचे 14,000 डॉलर देतोय, ऑफिसमधला सहकारी 14,500 द्यायला तयार आहे, आणि नवी गाडी 36,000 ची आहे. मग सहकाऱ्यालाच विकावी ना?

तुम्ही न्यू जर्सीत राहता, त्यामुळे माझं उत्तर आहे: नको, डीलरलाच द्या. सहकाऱ्याचे 500 डॉलर जास्त दिसतात, पण त्या सौद्यात तुमच्या खिशातून 427 डॉलर जास्तच जातील.

कसे ते बघा. न्यू जर्सीत सेल्स टॅक्स 6.625 टक्के. जुनी गाडी त्याच डीलरला त्याच व्यवहारात दिलीत, तर तिची किंमत नव्या गाडीच्या किमतीतून आधी वजा होते आणि टॅक्स उरलेल्या रकमेवर लागतो. म्हणजे 36,000 वजा 14,000, राहिले 22,000. त्यावर टॅक्स 1,457.50 डॉलर. गाडी बाहेर विकलीत तर पूर्ण 36,000 वर 2,385 डॉलर भरावे लागतील. फरक 927.50 चा. डीलरची 14,000 ची ऑफर त्यामुळे तुमच्यासाठी जवळजवळ 14,930 ची आहे, आणि सहकाऱ्याने त्याहून जास्त दिले तरच बाहेर विकण्यात अर्थ आहे. शिवाय गाडी आपल्या नावावर करताना त्यालाही टॅक्स भरावा लागणारच, म्हणून तो फार वर चढेल असं वाटत नाही.

यात 'त्याच व्यवहारात' हे फार महत्त्वाचं आहे. जुन्या गाडीचा वेगळा चेक घेतलात किंवा ती आधीच दुसऱ्या कंपनीला विकून आलात, तर ही वजावट मिळत नाही. दुसरीकडे चांगली ऑफर मिळाली असेल तर ती लेखी घ्या, तुमच्या डीलरला दाखवा आणि तेवढीच रक्कम ट्रेड-इन म्हणून करारात लिहायला सांगा. बरेच डीलर ऐकतात.

आता दुसरी बाजू, कारण हा नियम राज्यागणिक बदलतो आणि आपली मंडळी नोकरीसाठी सारखी राज्यं बदलत असतात. टेक्सासमध्ये दर 6.25 टक्के आणि वजावट मिळते. व्हर्जिनियात मिळत नाही. इलिनॉयमध्ये 2020 च्या सुरुवातीपासून वजावटीवर 10,000 डॉलरची मर्यादा होती, ती 2022 पासून काढली. कॅलिफोर्नियात वजावट अजिबात नाही. पूर्ण किमतीवर टॅक्स लागतो, आणि राज्याचा किमान दरच 7.25 टक्के आहे, त्यावर स्थानिक भर वेगळी.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांना एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. डीलर म्हणतो, "तुमच्या जुन्या गाडीचे 2,000 जास्त देतो," आणि नव्या गाडीवर देऊ केलेली सूट तेवढीच कमी करतो. न्यू जर्सीत याने काही बिघडत नाही, कारण वजाबाकी तीच राहते. कॅलिफोर्नियात मात्र टॅक्स लागणारी रक्कम 2,000 ने वाढते. तुमच्या गावी दर 9 टक्के असेल तर 180 डॉलर उगाच गेले. तिथे जुन्या गाडीचा भाव वाढवून मागण्यापेक्षा नव्या गाडीची किंमत कमी करून घ्या. आणि तिथे सहकाऱ्याचे 500 डॉलर खरोखरच 500 असतात.

डेलावेअरमध्ये सेल्स टॅक्स नाही म्हणून तिकडून गाडी आणू का, असंही पुष्कळजण विचारतात. उपयोग नाही. तुम्ही गाडी न्यू जर्सीत नोंदवणार, तेव्हा टॅक्सही न्यू जर्सीचाच द्यावा लागतो.

इलेक्ट्रिक गाडीचा विचार असेल तर ओळखीच्यांचे जुने हिशेब धरू नका. न्यू जर्सीत तिच्यावर पूर्वी सेल्स टॅक्स नव्हता, त्यामुळे ट्रेड-इनने टॅक्समध्ये काही वाचतही नसे. 1 ऑक्टोबर 2024 पासून अर्धा दर लागू झाला आणि 1 जुलै 2025 पासून पूर्ण. आता तिलाही वरचंच गणित लागू आहे.

भारतातून नुकतं आलेल्यांना हे सगळं नवं वाटतं, कारण जीएसटीत अशी वजावट नाही. तिथल्या नियमांत मोबाइलचं उदाहरणच दिलेलं आहे: नवा फोन जुन्याच्या बदल्यात 20,000 ला मिळाला, पण एक्स्चेंजशिवाय तो 24,000 चा असेल, तर कर 24,000 वरच.

सही करण्याआधी करारात तीन आकडे स्वतः बघा: नव्या गाडीची किंमत, ट्रेड-इनची रक्कम आणि टॅक्स ज्या रकमेवर लावला ती. डीलरने स्वतः दिलेली सूट किमतीतून जाते, पण कंपनीकडून येणारा रिबेट पुष्कळ राज्यांत टॅक्स लावल्यानंतर वजा होतो, म्हणून तो कुठल्या ओळीत लिहिलाय तेही तपासा. तुमच्या बाबतीत रिबेट नसेल तर तिसरा आकडा 22,000 च्या आसपास यायला हवा. डीलरची कागदपत्रांची फी त्यात मिळवलेली असेल, तर तेवढाच थोडा वर.