मामाच्या दुकानाचं टाचण आणि सीए इंटर

ताई, नमस्कार.

इतर वाचकांसाठी तुमचं पत्र थोडक्यात सांगतो. लेक बी.कॉम. झाली. सीए इंटरचा दुसरा अटेम्प्टही गेला. आता ती ठाण्यात नौपाड्यातल्या गोखले रोडवरच्या मामाच्या चष्म्याच्या दुकानाची वेबसाईट उघडून रात्री एकपर्यंत बसते, आणि विचारलं की 'स्कीमा टाकतेय' एवढंच म्हणते. स्टेशनजवळच्या एका क्लासने हेच शिकवायचे 75,000 रुपये सांगितलेत, वर 'गुगलवर पहिला नंबर'ची हमी. तिचे बाबा म्हणतात, सगळा वेळेचा खेळखंडोबा. तुम्ही विचारता, यात करिअर आहे का, की हा सीएपासून पळायचा रस्ता आहे?

आधी 'स्कीमा टाकणं' म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे निदान तिच्याशी बोलता येईल. वेबसाईटवर 'सोमवारी बंद' वाचलं की तुम्हाआम्हाला कळतं. गुगलच्या यंत्राला मात्र ते अंदाजाने समजून घ्यावं लागतं. म्हणून पानाच्या कोडमध्ये, गिऱ्हाइकाला दिसणार नाही असं, एक टाचण ठेवायचं: हे दुकान, चष्म्याचं, पत्ता हा, फोन हा, उघडण्याची वेळ ही. टाचणातले शब्द मनाने बनवायचे नसतात. गुगल, मायक्रोसॉफ्टचं बिंग आणि याहू हे एरवीचे स्पर्धक 2011 साली एकत्र आले आणि त्यांनी स्कीमा डॉट ऑर्ग नावाचा सामायिक शब्दसंग्रह काढला. काही महिन्यांत रशियाचं सर्च इंजिन यांडेक्सही त्यात आलं. टॅलीमध्ये खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा हे जसं ठरलेलं असतं, तसंच हे. टाचण लिहायच्या पद्धती दोन-तीन आहेत, त्यातली जेसन-एलडी गुगल सुचवतं आणि तुमची लेकही तीच वापरते.

हे मला कसं ठाऊक? तुम्ही पाठवलेली लिंक उघडून पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, पाहिला. पोरीने दुकानाचा प्रकार नुसता 'स्टोअर' न ठेवता नेमका 'ऑप्टिशियन' निवडलाय. अक्षांश-रेखांशाला दशांश चिन्हापुढे पाच आकडे दिलेत, आणि गुगलही किमान पाचच मागतं. दोन आकड्यांवर भागवलं असतं तर जागा अर्धा-एक किलोमीटर इकडेतिकडे गेली असती आणि मामाचं दुकान तलावपाळीच्या पाण्यात सापडलं असतं! फोनच्या आधी देशाचा कोड आहे, पिनकोड 400602 बरोबर आहे.

पण वेळ चुकलीय. तिने सकाळी दहा ते रात्री नऊ असं सलग लिहिलंय. नौपाड्यातलं जुनं दुकान दुपारी उघडं असतं का? तुमच्याच पत्रात आहे, भाऊ दीडला जेवायला घरी येतो आणि पाचला परत जातो. मग एकाच दिवसाच्या दोन नोंदी करायच्या, 10:00 ते 13:30 आणि 17:00 ते 21:00. सोमवारी पूर्ण बंद, तर उघडण्याची आणि बंद होण्याची दोन्ही वेळा 00:00. तिला हे सांगा, पण मी सांगितलं म्हणू नका. स्वतः शोधू दे.

आणखी एक, कारण यात नवशिक्यांच्या रात्री जातात. टाचण वर्डमध्ये लिहून तिथून उचललं, की सरळ अवतरणचिन्हं वळणदार होऊन येतात. डोळ्याला फरक दिसत नाही, पण यंत्र आख्खं टाचण नाकारतं. शेवटच्या ओळीनंतर एक स्वल्पविराम जास्त राहिला तरी तेच. ती रात्री एकपर्यंत बसते ती बहुधा असाच स्वल्पविराम शोधत. गुगलचं रिच रिझल्ट्स टेस्ट हे फुकट साधन आहे, तिथे कोड चिकटवला की चूक कुठे आहे ते कळतं.

आता क्लासची हमी. ती खोटी आहे, मग क्लास कितीही चकाचक असो. टाचण लावलं म्हणून क्रमांक वर जात नाही, हे गुगलची माणसं स्वतः सांगत आलीत. त्याने फक्त पात्रता येते: शोधनिकालात वस्तूच्या पानाच्या दुव्याखाली किंमत दिसू शकते, माल शिल्लक आहे की नाही ते दिसू शकतं. 'शकते' म्हणतो, कारण दाखवायचं की नाही ते गुगल ठरवतं. आणि मामाच्या दुकानाचं म्हणाल, तर नकाशात वर दिसायला गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलवरची दुकानाची नोंद, नीट भरणं जास्त कामाचं. फ्रेम वेबसाईटवरून विकायला लागले, तर वस्तूंच्या टाचणाची खरी गरज पडेल.

या बाबतीत मी स्वतः पोळलोय. माझ्या मार्गदर्शन केंद्राची वेबसाईट एकाने करून दिली आणि हौसेने टाचणात 4.9 तारे आणि शेकड्यांनी अभिप्राय भरले. पानावर अभिप्राय एकही नव्हता. मला वाटलं, माणूस हुशार आहे. मग सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साईटच्या मालकाला गुगल जिथे साईटची माहिती देतं तिथे, मॅन्युअल अ‍ॅक्शनची, म्हणजे गुगलच्या माणसांनी केलेल्या कारवाईची, नोटीस आली. पानावर दिसत नाही ते टाचणात लिहायचं नाही, हा पहिला नियमच मोडला होता. शिवाय दुकानाने स्वतःच्या साईटवर स्वतःला दिलेले तारे गुगल 2019 पासून दाखवतच नाही. सगळं उपसून काढलं, पुन्हा तपासणीचा अर्ज केला. क्लासच्या अभ्यासक्रमात 'तारे आणणे' असा धडा असेल, तर तिथूनच मागे फिरा.

करिअरचं बोलायचं, तर निव्वळ स्कीमावर कुणाचं आयुष्य निघत नाही. हा तांत्रिक एसईओचा, म्हणजे साईट शोधात नीट सापडावी म्हणून करायच्या कामाचा, एक तुकडा आहे, आणि त्याचे नियम बदलत राहतात. प्रश्नोत्तरांचं टाचण लावून शोधनिकालात जास्तीची जागा मिळवायची टूम होती. ऑगस्ट 2023 मध्ये गुगलने ती सोय नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक साईटपुरती ठेवली. ज्यांनी तेवढंच शिकून घेतलं होतं, ते बसले हात चोळत. लेकीला या वाटेने जायचंच असेल तर जोडीला एचटीएमएल, थोडं जावास्क्रिप्ट, सर्च कन्सोल वाचणं आणि ई-कॉमर्सच्या वस्तूंच्या याद्या सांभाळणं हवं. एवढं हाताशी असेल, तर वागळे इस्टेट, ऐरोली, महापे इथल्या कंपन्यांमध्ये शिकाऊ म्हणून अर्ज करायला हरकत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. दोनदा नापास झालेली मुलगी रात्री एकपर्यंत स्वल्पविराम शोधत बसते, ही पळणाऱ्याची लक्षणं मला वाटत नाहीत. हे काम ताळा जुळवण्याचंच आहे: पाटीवर एक, बिलावर एक, वेबसाईटवर तिसरंच, असं सापडलं की अस्वस्थ व्हायचं. तिला ती अस्वस्थता आहे. इंटरमध्ये ती कुठे अडकली ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. विषयांचा एकच ग्रुप राहिलाय की दोन्ही? गुण किती कमी पडले? इंटरची परीक्षा आता वर्षातून तीनदा होते, त्यामुळे तीन महिने थांबल्याने आभाळ कोसळत नाही. बाबांना एवढं पटवा. या तीन महिन्यांत 75,000 कुणाला द्यायचे नाहीत. गुगलची मार्गदर्शक पानं फुकट आहेत, ती वाचायची, मामाची साईट पुरी करायची आणि ओळखीच्या आणखी एका दुकानाची करायची, पैसे घेऊन, थोडे का असेनात. पैसे घेतले की समोरचा माणूस चुका काढतो, मामा काढणार नाही.

मग दोघी शनिवारी सकाळी या. येताना इंटरच्या गुणपत्रिका आणि मामाच्या दुकानाच्या पाटीचा फोटो आणा. कारण पत्रात तुम्ही दुकानाच्या नावात 'ऑप्टिकल्स' लिहिलंय, वेबसाईटवर 'ऑप्टिशियन्स' आहे, आणि टाचणात 'ऑप्टिक्स'. पाटीवर काय आहे ते तिने अजून पाहिलेलं दिसत नाही.